टिंब

हलमध्ये नोव्हेंबरात चार वाजताच दिवस मिटतो.
हेसल रोडवरचा मासेवाला शटर ओढतो
आणि रविवारचा एवढा मोठा काळोख हातात उरला
की मी काहीतरी उसवत बसते.

आज संगणक उसवला.
एक छोटंसं टूल उतरवून घेतलं, फुकटातलं,
नुसत्या चौकोनांचं पान.
खूण करा, खूण काढा.

खिडक्या फुगत फुगत उघडतात, ते बंद.
मला गरगरतं.
कचरा टाकताना कागद चुरगळल्याचा आवाज, तोही बंद.
बंदराच्या कचेरीत पाच दिवस तेच ऐकते.

मथळ्यावर पूर्ण वाट दाखवा: हो.
आता प्रत्येक फाइल स्वतःचं नाव घ्यायच्या आधी
गाव, आळी, घर, माडी सांगते,
तिरक्या रेघांवर दम खात,
लग्नाच्या पंगतीत कुणी "मूळचे कुठले?" विचारावं
आणि आमच्या आत्याने सुरू व्हावं, तशी.
कचेरीत ट्रेसी विचारते, तू कुठली?
मी म्हणते, प्रिन्सेस अव्हेन्यू.
आखूड मथळा बरा पडतो.

लपलेल्या फाइली दाखवा.
इथे जरा थांबले.
मग खूण केली, आणि सगळं डेस्कटॉप
क्षणभर नाहीसं झालं,
पाहुणे येताना पसारा उचलावा तसं,
आणि परत आलं, जरा जास्तीचं.

नावाआधी टिंब दिलं की वस्तू दिसत नाही,
एवढीच युक्ती.
आमच्यात टिंब अक्षराच्या डोक्यावर बसतं,
त्याला नाकातून बोलायला लावतं.
इथे ते दारात उभं राहतं
आणि आत कुणी नाही म्हणून सांगतं.

फिकट, राखाडी रांगा.
यंत्राची आपली जळमटं, कुणाच्या कामाची नाहीत.
त्यांच्यात एक फोल्डर: टिंब, आई.

अन्वयचं.
सप्टेंबरात ग्लासगोला गेला.
दहा वर्षं मी मराठीत विचारायचे,
तो हलच्या इंग्रजीत उत्तर द्यायचा
आणि दोघांचं जेवण व्हायचं.

आत एकच यादी. रोमन अक्षरांत,
कानाला जसं लागलं तसं लिहिलेलं.

कंटाळा: बोअरपेक्षा जड. येतो आणि बसतो.
बघू: नाही.
चालेल: नाही, पण भांडायचं नाहीये.
अगं बाई: कुणीतरी गेलं, किंवा दूध उतू गेलं.
उष्टं: यांच्याकडे हा शब्दच नाही. दोनदा शोधला.
येते: जाते.
खाली तारीख घालून: मुलाने येतो म्हणायचं.

पॅरागॉन स्टेशनावर, गाडीच्या दारात,
तो मला "येते" म्हणाला होता.
दुसऱ्या कुणाकडून शिकणार?
मी हसले. येतो म्हण रे, म्हटलं.
त्याने कानांत हेडफोन घातले.
मला वाटलं, रागावला.

एका शब्दात एक अक्षर चुकलंय.
बोट कळेपर्यंत गेलं.
पण शेजारीच रकाना आहे, शेवटचा बदल केव्हा,
आणि त्यात आहे गेल्या मंगळवारची तारीख.
मंगळवारी तो ग्लासगोतच होता.
म्हणजे तिथे बसून, ढगातून,
अजून लिहितोय माझ्या घरात.

चूक तशीच राहू दिली.
खूण काढली. सगळं पुन्हा एकदा गेलं, आलं.
राखाडी रांगा नाहीत, फोल्डर नाही,
नीटनेटकं, कुणाचंच नसल्यासारखं.
तळाशी एक बटण होतं, सगळं मूळपदावर आणा.
त्याला हात लावला नाही.

सातला त्याचा फोन.
पाऊस, भाडं, कुणाचातरी सायकलचा पंप.
मी जरा सावकाश बोलत होते.
मध्येच, काही कारण नसताना, म्हटलं,
आज दिवसभर हुरहुर लागलीये.

काय लागलीये?
हुरहुर.

पलीकडे शांत.
मग कळांचा आवाज, हळू, मला ऐकू जाऊ नये असा.
मोजल्या.
सहा.