अंगठे

ग्लव्हर्सव्हिलमध्ये आता कुणी हातमोजे शिवत नाही.
व्हर्नच्या गॅरेजात, बर्फ ढकलायच्या यंत्रामागे
ते उभं होतं, ताडपत्रीखाली.
दोनशे डॉलर, आणि उचलून न्यायचं तुम्ही.

मी आधी चाक फिरवून बघतो.
अर्धा फेरा, मग अडकलं.
तेल थिजून काकवीसारखं झालेलं.
टॉर्च दातांत धरून वाकलो:
नंबरातले शेवटचे तीनच आकडे शाबूत,
सुईखालच्या पट्टीला एकाच अंगानं खळगा,
कातडं सतत तिकडूनच वळलेलं.

“थेल्मामावशी फक्त अंगठे लावायची,” व्हर्न म्हणाला.
“एकतीस वर्षं. बोटं दुसऱ्या बायका.”
पैसे डझनावर. सुई मोडली तर ती तिची.
कारखाना बंद पडताना तिनं पेन्शनचं विचारलं
आणि मालकानं अंगठा दाखवला.
हे मराठीत मनाशीच म्हणालो.
व्हर्नला काय समजावणार?

खणात मेणाचा खडा, मोडक्या सुया,
आणि डुकराच्या कातड्याचा
एक सुटा अंगठा.
भिंगाखाली टाके मोजले. इंचाला वीस.
पुन्हा मोजले, वीसच.
माझा अंगठा पहिल्या पेरापर्यंतच गेला.

दोनशे दिले. घासाघीस करायची राहूनच गेली.
पिकअपमध्ये मशीन चढवल्यावर
व्हर्ननं तळहात पुढे केला.
“ते एवढं राहू दे माझ्याकडे.”

रात्रभर रॉकेलमध्ये भिजत ठेवलं.
सकाळी चाक पूर्ण फिरलं.
सुई खाली गेली, वर आली.
दोरा अजून ओवलेला नाही.