टाचेचा गिअर

"तिसरा पडत नाही बे," बारापात्रे काका म्हणाले,
आणि गाडी स्टँडवर घ्यायलाही मलाच लावलं.
एक्क्याण्णवची, दोन स्ट्रोकची. टाकीवर अजून
वीज मंडळाचा स्टिकर, अर्धा सोललेला.
पारडीपासून वाठोड्यापर्यंत
घराघरातले मीटर त्यांनी हिच्यावरून वाचले.

नवतपा लागला होता.
उन्हातल्या पान्यांना हात लावता येईना, म्हणून प्रणयनं
ते ओल्या पोत्याखाली झाकलेले,
भाजीवाली सांबार झाकते तसे.

आधी क्लचची केबल ताणली. काही नाही.
दांडी हलवून पाहिली. दाते घट्ट.
मग ऑइल सोडलं : काळं, आणि त्यात चंदेरी चुरा.
किक काढली, उजवं कव्हर काढलं,
जुनं गॅस्केट ब्लेडनं खरडता खरडता
दुपारचा एक वाजला.

आत सापडली ती स्प्रिंग.
ड्रमच्या खाचेत रोलर धरून ठेवायचं, एवढंच तिचं काम,
आणि ती दमलेली. ओढली तर ओढलेलीच राहिली.
काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "इतकुशी?"
"इतकुशीच. हिच्यापायी गिअर मधातच अटकते.
दुसऱ्यात नाही, तिसऱ्यात नाही."
"माह्या साळ्यासारखं," ते म्हणाले
आणि एकटेच हसले.

प्रणय इतवारीतून नवी घेऊन आला, तीस रुपयांची.
रस पिऊन आला, चाळीसचा.
सगळं बंद करून मी चक्कर मारली :
पहिला खाली, मग वर, वर, वर.
खट्. खट्. खट्.
काका चक्कर मारून आले. "पडत नाही."
मी बसलो, पडला.
ते बसले, नाही.

असं चारदा झाल्यावर मी गाडीकडे बघणं सोडलं.
धुळीत त्यांच्या उजव्या चपलेचा ठसा साफ होता.
डाव्याच्या पुढे एक ओढलेली रेघ,
प्रत्येक पावलाला एक.
चपलेचं नाक झिजून आतला फोम दिसत होता.

भंगारातून दुहेरी दांडी काढली,
टाचेकडचा तुकडा कापला, वेल्डिंग मारून यांच्या दांडीला जोडला.
"हे कायले?"
"पंजानं उचलायचं नाही आता. टाचेनं दाबा."
"माह्या पायाले काही झालं नाही."
"पायाचं कोण बोललं? उचलून उचलून बूट खराब होते."
त्यांनी आपल्या चपलेकडे पाहिलं.
मी ऑइलच्या डब्याचं झाकण शोधू लागलो,
ते हातातच होतं.

बिलात स्प्रिंग, ऑइल, मजुरी. टाचेचं लिहिलं नाही.
त्यांनी ते मीटरसारखं वाचलं,
एकेका आकड्यावर बोट ठेवून, दोनदा.
जाताना शंभराची एक नोट जास्तीची,
चौदा-पंधराच्या पान्याखाली.

भंडारा रोडला लागेपर्यंत कान तिकडेच.
दुसरा पडला. तिसरा पडला.
चौथ्याच्या वेळी मधातच ट्रक आला.

"अन् उद्या उजव्याले झालं तं?" प्रणय म्हणाला.
"ब्रेक तं तिकडं हाये."

मी त्याला पाने मोजायला सांगितले.
एक कमी भरला. पुन्हा मोजायला सांगितले.