डावखुरा

चहाची पुडी ज्या कागदात बांधून आली
त्यातून माझा नवरा निघाला.
कुरणावर तेलाचा डाग, घडी नेमकी गुडघ्यातून,
पण जेबेझच तो. उजवीकडे उतरता खांदा
आता डावीकडे उतरलेला,
आणि टोपीला मी लावलेलं ठिगळ,
त्याचे टाकेसुद्धा त्या कोरक्याने मोजलेले.

थ्रिप नावाचा होता, लंडनहून आलेला.
चामड्यात गुंडाळलेल्या पोलादी सळ्या,
बॉक्सवुडचा ठोकळा, हाडासारखा घट्ट,
वाळूच्या उशीवर ठेवून तो ठोकळाच फिरवायचा,
हात जागच्या जागी.
म्हणाला, "बाई, काळं मी काढत नाही.
मी नुसता उजेड खरवडतो,
जिथे हात लागत नाही तिथे रात्र राहते."
मी म्हटलं, आमच्याकडे हात लावूनही राहते.

हसला. जाताना सहा अंडी घेतली, पैसे चारांचे दिले.

नातू शाळेत जातो, तो सांगतो,
लाकडावर सुलटं ते कागदावर उलटं, छपाईची रीतच ती.
असेल.
पण बारा जणांची पात लागलेली असताना
लांब दांड्याचा विळा असा उलटा फिरवला असता
तर शेजारच्याची पोटरी गेली असती,
आणि मुकादम ऑरमने न्याहारीआधीच
घरचा रस्ता दाखवला असता.

दिवाणखान्यात बसून हे कुणाला दिसणार?
तिथे म्हणाले असतील, किती निवांत आहे हो सगळं.
धुराड्यातून धूरही काढलाय, दाट, वेटोळ्यांचा.
त्या आठवड्यात चूल थंड होती आमची.
आणि कोपऱ्यात फुलं वेचणारी ती पोर
आमची डॉर्कस. फुलं कसली,
पाखरांना मारायला खडे वेचत होती,
दिवसाला दोन पेनी.

चहा डब्यात ओतला.
कागद जाळायचा होता, नाही जाळला.
मागच्या खोलीची काच गारपिटीत फुटलेली,
तिथे खळ लावून चिकटवला, तोंड बाहेर करून.

आता रस्त्याने जाणाऱ्याला तो डावखुरा दिसतो.
आतून, सकाळचं ऊन आलं की,
विळा जसा फिरायचा तसाच फिरतो,
पाठीमागची खोकल्याच्या गोळ्यांची जाहिरात
छातीवर घेऊन.

पहिल्या मोठ्या सरीपर्यंत टिकेल.