दोनशे अकरावं पोतं

दऱ्याप्पा मासाळनं कंबर धरून
मार्केट यार्डातला शेवटचा चहा घेतला
आणि वहीला बांधलेली पेन्सिल
माझ्या खिशात खोचली.
हार नाही, नारळ नाही.
“आजपासनं टोळी तुझी,” म्हणाला,
“पण टोळीला अजून ठावं न्हाई.”

मला वाटलं, चेष्टा करतोय.

पहिला महिना मी नुसता ओरडत होतो.
आकडा खुंटीला, अंगात पांढरा शर्ट.
सांगलीच्या हळदीत पांढरा शर्ट!
दुपारपर्यंत नवरदेव दिसायचो
आणि चौदा माणसं
माझं ऐकून घ्यायची.
ऐकायची नाहीत.

मग फेब्रुवारीतला तो ट्रक.
मगदुमांच्या वखारीतली राजापुरी,
वहीत दोनशे अकरा, ट्रकवर दोनशे दहा.
ड्रायव्हरचा हॉर्न थांबेना,
दिवाणजी चष्म्यावरून बघत राहिला
आणि माझ्या तोंडून गेलं,
“गुलाब, शेवटची खेप तुझी होती ना?”

गुलाब नदाफ काही बोलला नाही.
डोक्यावरचं फडकं सोडलं, झटकलं.
पिवळा ढग उडाला
आणि तो खाली बसेपर्यंत
सगळे त्याच्याकडे बघत होते.
पोत्याची किंमत त्याच्या हप्त्यातून कापायची ठरली.
ठरली म्हणजे
मी गप्प बसलो.

रात्री झोप येईना म्हणून वही उघडली.
पाच-पाच काड्यांच्या बेचाळीस जुड्या, वर एक सुटी.
एका जुडीवर चहाच्या पेल्याचा गोल डाग.
डागाखाली
आडवी काडी धरून
चारच.

त्याला एकट्याला गाठून
पैसे खिशात कोंबता आले असते.
वाटेत आयर्विन पुलावर सायकल थांबवून
तेच ठरवत होतो.
खाली कृष्णा संथ, एक म्हैस पाण्यात,
तिला कसली घाई नव्हती.
पण आळ मी चौदा जणांत घेतला होता.

भाषण पाठ केलं होतं, तिथं गेल्यावर आठवेना.
“मोजणी माझी चुकली,” एवढंच निघालं.
कुणी पाठ थोपटली नाही.
बिराप्पानं तंबाखू थुंकली.
गुलाब म्हणाला, “पैसं दे,”
आणि माझ्यासमोर मोजले.
दोनदा.

त्या दिवशी आकडा खुंटीवरून काढला.
आठ दिवस पाठ माझी नव्हती.
साठ किलोच्या पोत्याखाली मी लटपटताना
मागून गुलाबचाच आवाज आला,
“मान न्हवं गड्या, गुडघा वाकीव.”
वाकवला.
त्यानंतर मी ओरडलो नाही असं नाही,
पण ओरडण्याआधी
वही बघू लागलो.

जूनमध्ये दिवाणजीनं
पोत्यामागं पन्नास पैसे कमी करायचं काढलं.
मी त्याच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिलो.
बोलायला काही सुचत नव्हतं, खरं सांगतो.
मागं फरशीवर आकडा ठेवल्याचा आवाज आला.
एक.
मग दुसरा.
मग मोजता आले नाहीत.
दिवाणजीनं चष्मा काढून पुसला
आणि जुनाच दर लिहिला.
मागं वळून बघायचं धाडस
मला बाहेर आल्यावरच झालं.

आता परवाच्या शनिवारचं सांगतो.
हप्ता वाटत होतो.
गुलाबनं नोटा घेतल्या,
दुमडून बंडीच्या खिशात टाकल्या,
पोराच्या शाळेचं काहीतरी बोलत निघून गेला.
मोजल्या नाहीत.
बिराप्पानंही नाही.
चौदांतल्या एकानंही नाही.

खूश व्हायला हवं होतं.
माझ्या पोटात गोळा आला.

गोडाऊनच्या पायरीवर बसलो, वही उघडली,
पहिल्या जुडीवर बोट ठेवलं.
एक, दोन, तीन, चार, आडवी.
एक, दोन, तीन, चार, आडवी.
शेजारी कुणीतरी चहा ठेवून गेलं होतं,
वहीपासून हातभर लांब.
तो गार झाला.