शिसम आणि हाड

क्लबाला शंभर वर्षं झाली.
कमिटी म्हणाली, सर, इतिहास तुम्हीच लिहा,
चार पानं पुरे,
पाचव्यावर बियाण्याच्या कंपनीची जाहिरात आहे.

हिंगोलीची छावणी केव्हाच उठली होती,
मेसची इमारत तेवढी उरली, लाल कौलांची.
तिच्यात क्लब बसला, १३३१ फसलीत.
पहिली वही उर्दूत. मला वाचता येत नाही.
म्हणून मार्कर सरवरमियाँला बोलावलं.
बिलियर्डच्या टेबलाचं हिरवं कापड
दोन जागी उसवलंय,
तिथेच वही पसरली आम्ही.

तो बोट ठेवून वाचत गेला:
दुय्यम तालुकदार. मुन्सिफ. पोलिस मोहतमीम.
जिनिंगवाले काबरा शेठ, स्वतःचा पेला घरून आणण्याच्या अटीवर.
कळमनुरीकडचे एक देशमुख,
ज्यांनी एका रात्री पत्त्यांवर ऐंशी एकर घालवले
आणि पहाटे सोड्याचे सहा आणे
रोख मोजून दिले,
कारण क्लबात उधारी चालत नसे.

आबान १३५७. इथं वही थांबते.
सात पानं कोरी.
आठव्यावर शाई निळी, अक्षरं देवनागरी.
शेरवानी टांगायच्या खुंटीवर आता खादीचा कोट.
वकील सावरगावकर, ज्यांनी याच व्हरांड्याविरुद्ध
भर बाजारात भाषण केलं आणि आठ महिने आत काढले,
ते अध्यक्ष.
त्यांचा पहिला ठराव: नोकरांनी मागल्या दारानं यावं.
शेजारी शेरा, ‘पूर्वीप्रमाणेच’.

नियम अकरा दोन्ही लिप्यांत शब्दाला शब्द तोच:
नव्या माणसासाठी पेटी फिरवावी.
पांढरी गोळी म्हणजे हो. काळी म्हणजे नाही.
एक काळी पुरे.

एकोणीसशे एकसष्ट.
डॉ. सखाराम खिल्लारे, पशुवैद्य.
सूचक आहे, अनुमोदक आहे,
पुढे लाल शाईत: तीन.

आदल्याच महिन्यात अध्यक्षांची घोडी अडली होती.
खिल्लारे रात्रभर कोपरापर्यंत हात घालून बसले,
शिंगरू जगलं.
हे वहीत नाही, सरवर सांगतो.
तो तेव्हा अठराचा, पेटी धरून उभा असायचा.

कुणी टाकल्या, मी विचारतो.
‘मतदान गुप्त होतं, साब.’
निळ्या खडूचा तुकडा उचलतो, परत ठेवतो.
‘तुमच्यापुरतं गुप्त.
पांढऱ्या गोळ्या हाडाच्या. काळ्या शिसमच्या.
हाड खट्‌कन बोलतं.
लाकूड दबकं, पोटातल्या पोटात.
अब्बानं पहिल्या दिवशीच शिकवलं,
मार्करचे कान उघडे, तोंड बंद.
बावीस हात आले पेटीत, बावीस आवाज ऐकले.
अम्मीलासुद्धा बोललो नाही.’

खिल्लारे पुढं तीस वर्षं
याच फाटकावरून सायकलनं दवाखान्यात गेले.
फाटकापाशी आले की घंटी वाजवायचे,
रस्त्यात कुणी नसलं तरी.

अठ्ठ्याऐंशीच्या पानावर माझं नाव आहे.
पुढे शून्य.
त्या शून्याचं मला कालपर्यंत बरं वाटायचं.

सरवर कपाटातून पेटी काढतो.
माझ्याकडे पाठ करून एक गोळी सोडतो आत.
‘कोणती?’
मी कान देतो. बाहेर हळदीचा ट्रॅक्टर जातोय.
तो थांबतो, ट्रॅक्टर जाऊ देतो, पुन्हा सोडतो.
‘आता?’
मला दोन्ही सारख्याच.
‘राहू द्या. मेंबरांना नाही कळत.’

मग गोळ्या टेबलावर ओतून मोजायला बसतो,
कापडाच्या उसवल्या जागा चुकवत.
पांढऱ्या चोवीस.
काळ्या तेवीस.
‘एक कमीच भरती,’ म्हणतो, ‘एकसष्टपासून.’
आणि सदऱ्याच्या खिशातला डावा हात
काही बाहेर काढत नाही.