प्रोजेक्टर

मन्मथअप्पांच्या डाळमिलमध्ये माझ्या दारावर पाटी:
संगणक विभाग प्रमुख.
विभाग म्हणजे मी, एक एसी,
आणि केबल ओढताना शिट्टी वाजवणारा उदगीरचा नागेश.

दर सोमवारी वरच्या मजल्यावर बैठक.
बोलावणं मला सगळ्यांच्या आधी यायचं:
'सुकेशनीताई, तेवढा प्रोजेक्टर लावून द्या.'
भिंतीवर निळा चौकोन उमटला
की अप्पा मान हलवायचे, म्हणजे आता जा.
तुरीचा भाव, तिसरी मिल घ्यायची का,
हे सगळं दार लागल्यावर.

खाली येऊन मी अहवाल बनवायची.
सेहेचाळीस प्रकारचे. गोल, उभे, हिरवे, तांबडे.
शेवटचं कुणी उघडलं, याची नोंद असते.
मीच. परवा.

माघातल्या एका रात्री काट्यावरचा प्रिंटर अडला.
नागेश लग्नाला गेलेला. मीच गेले स्कूटीवर,
बार्शी रोडला ट्रकांच्या रांगेच्या कडेकडेनं.
कागद अडकला होता. दोन मिनिटांचं काम.
निघाले, तर काटेवाला इलाही म्हणाला,
'बसा की मॅडम. एवढी घाई कामून?'

बसले. उजाडेपर्यंत.

औशाची गाडी नऊ तास उभी होती.
माल तपासून झाला होता सांजच्यालाच,
ओलाव्याची चिठ्ठी मुनीमजींच्या सहीला गेली,
मुनीमजी जेवायला गेले,
चिठ्ठी पेपरवेटखाली निजली.
माझ्या पडद्यावर तीच गाडी 'प्रक्रियेत' होती,
हिरव्यागार रंगात.

इलाहीनं पोत्यात हात घातला,
एक दाणा दाताखाली धरला. कट्.
'बारा टक्के.'
यंत्र म्हणत होतं अकरा पूर्णांक आठ.
'आणि मिल बगा, दुपारपर्यंत रिकामी फिरती. रात्री ही रांग.'
'हे वर कुणाला सांगितलंत?'
'विचारलं कुणी?'

सात वर्षं मी त्याचा प्रिंटर विचारत होते.

पुढच्या सोमवारी प्रोजेक्टर लावला.
निळा चौकोन. अप्पांची मान हलली.
मी खुर्ची ओढली. फरशीवर केवढा आवाज झाला!
म्हणाले, नवा सर्व्हर नकोय मला.
तिसरी मिलही नको, आहेत त्या दोन अर्धा दिवस उपाशी आहेत.
पहाटे पाचला काटा उघडू. पन्नास क्विंटलपर्यंत सही नको.
माझे बेचाळीस अहवाल मी आजच बंद करते.
झंवर मुनीमजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला:
'मग मी काय करू?'
माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पहिला आठवडा फसला.
गाड्या पाचला आल्या, हमाल आठला.
त्यांना विचारायचं राहिलं होतं.
अप्पा काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं.
मग हमालांच्या टोळीबरोबर चहाच्या टपरीवर दोन सकाळी;
नानाभाऊ म्हणाले, येतो, पण दुपारी ऊन चढायच्या आत सुट्टी.
एवढंच होतं.

मुनीमजींकडे गेले त्यांच्या घरी.
एकतीस वर्षांत कोण माल घालायचा आणि कोण शेजारच्या मिलला गेला,
गावानिशी पाठ होतं त्यांना.
माझ्या कुठल्याच तक्त्यात ते नव्हतं.
आता दर बुधवारी ते जीपनं निघतात, निलंगा, कासारशिरसी.
परत येतात धुळीनं माखून
आणि माझ्यावर अजून थोडे रागावलेले.

परवाच्या बैठकीत इलाही होता.
खुर्चीच्या काठावर, मफलर मांडीवर घेऊन
सांगत होता काहीतरी चाळणीबद्दल,
तेवढ्यात प्रोजेक्टर गेला.
सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.
मी उठले नाही.
'हं इलाहीभाई, चाळणीचं काय?'

अप्पा उठले.
वायरीची दोन टोकं हातात घेऊन
भिंतीपाशी उभे राहिले बराच वेळ.
'ही कुठं लावतात गं?'
म्हटलं, राहू द्या अप्पा, बसा,
ऐका हा काय म्हणतोय.