दोन मिलिमीटर माया

फॉर्मवर नाव रेहाना हमदुले, वय सेहेचाळीस,
व्यवसायाचा रकाना कोरा.
मला ठाऊक होता व्यवसाय.
रुवीच्या मागच्या गल्लीत, मोबाइलवाल्याच्या वर,
माझे चार ब्लाउज तिच्याच हातचे.

डब्यात फॉर्मॅलिन, फॉर्मॅलिनमध्ये ती,
म्हणजे तिचा डावीकडचा तेवढा भाग.
दिशा कळावी म्हणून सर्जनने घातलेले दोन टाके:
आखूड दोरा वरची बाजू, लांब दोरा बाहेरची.
टाका कच्चा होता.
तिने उसवून परत घातला असता.

डॉक्टर हुदांनी कडांना शाई लावली,
एका बाजूला निळी, एका बाजूला काळी,
मग सुरी.
आत पांढुरकी गाठ,
कच्च्या पेरूसारखी करकरली.

तिथून पुढे माझं काम.
रात्रभर अल्कोहोल, झायलीन, मेण.
सकाळी चार मायक्रॉनचा पापुद्रा
कोमट पाण्यावरून काचेवर उचलायचा,
चुणी पडू द्यायची नाही.
तेरा वर्षं हेच. बाहेर डोंगर भाजत असतात,
आत माझी बोटं गार.

दोघींना एकदम बघता येतं त्या सूक्ष्मदर्शकाशी
हुदा मला बसवून घेतात, चहा झाला की.
नळ्या धरल्यात का? जवळपास नाहीत. तीन.
केंद्रकं बेढब? बऱ्यापैकी. दोन.
दुभंगताना किती सापडल्या? मोजून, दोन.
बेरीज सात. म्हणजे मधली.
काठाशी निळे ठिपके दाटीने जमलेले,
शरीराने धाडलेली माणसं.
शिपाई की बघे, हुदा म्हणतात,
ते नुसतं बघून कळत नाही.

आणि मग त्या तीन पोकळ जागा,
आत पेशींचे पुंजके.
वाट की फट?
फट असली तर ती माझी.
मी वाळवते तेव्हा मांस आकसतं,
भोवतालापासून सुटतं,
आणि रस्ता असल्याचा भास होतो.
तेरा वर्षांत पहिल्यांदा मनापासून वाटलं,
चूक माझी निघो.

दुसरा रंग चढवला, वाहिनीचं अस्तर तेवढं
तपकिरी करणारा.
दोन फटी माझ्या निघाल्या.
तिसरीला किनार आली,
बारीक, सलग, हातशिलाईसारखी.
आत सात पेशी, एकमेकींना धरून.

इथे कुणीही म्हणेल, आपणही असेच निघालो.
नाही.
आपण विचारून निघालो,
आणि महिन्याच्या महिन्याला घरी काही पाठवतो.

निघाल्या म्हणजे पोचल्या असं नसतं.
काखेतल्या तीन गाठी
सांगितलं होतं तीन थरांत कापायला,
मी सहा थर कापले.
तिन्ही गाठींत काही नाही.
हुदांनी जास्तीच्या काचा बघितल्या,
माझ्याकडेही बघितलं,
विचारलं नाही.

अहवाल:
लसिकावाहिनीत शिरकाव, आहे.
काखेतल्या गाठी, शून्य तिनांपैकी.
कड, सर्व बाजूंनी मोकळी,
सर्वांत जवळची दोन मिलिमीटर.

आमच्याकडे शिवणात याला माया म्हणतात,
सांगायला गेले हुदांना.
माझ्या अरबीत जमलं नाही,
इंग्रजीत तर नाहीच.

गुरुवारी संध्याकाळी त्या गल्लीतून गेले.
शटरवर कागद, तिचं अक्षर:
शिवण दोन महिने बंद.
ज्यांचं कापड माझ्याकडे आहे त्यांनी काळजी करू नये.

मला जे माहीत आहे ते मला माहीत नाही,
अशी सही केलीय मी नोकरीला लागताना.

घरी येऊन जांभळा ब्लाउज काढला,
दंडात रुतणारा.
इकडे अंग भरतं बाई, म्हणाली होती ती
तोंडात टाचण्या धरून, ठेवलीय माया.
शिवण उसवली.
दोन्हीकडे दोन दोन बोटं कापड,
इतक्या धुण्यांनंतर
आतला रंग तसाच गडद.